न दिसणारा शत्रुशेष

ऋण, अग्नि आणि शत्रु ह्यांचा शेष ठेवूं नये, असें आपल्याकडील नीतिकार सांगत आले आहेत. थोडें ऋण राहिलें तर तें व्याजानें वाढतें, राखेंत ठिणगी राहिली तर ती वाऱ्यानें पेटते आणि अर्धवट राहिलेला शत्रु संधि साधून उठतो. कांहीं जाणते ह्या यादींत व्याधीचीहि भर घालतात. ह्या महिन्यांत आम्ही ज्या व्याधीविषयीं लिहिणार आहों, तिचें सारें मर्म 'शेष' ह्या एका शब्दांत सांठविलेलें आहे. ही व्याधि एच्.आय्.व्ही. नांवाच्या विषाणूपासून होते आणि तिच्या शेवटच्या अवस्थेस एड्स म्हणतात.

घरांतील सर्व मंडळी वाचतात त्या मासिकांत हा विषय कशाला, असा संकोच कांहीं वाचकांस वाटेल. परंतु मुंबईचा व कोंकणचा संबंध चाकरमान्यांमुळें इतका निकटचा आहे कीं, मुंबईस आलेलें कोणतेंहि दुखणें आमच्या सावर्ड्यासारख्या गांवांपासून फार काळ दूर राहत नाहीं. ह्यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आम्हांस आलें, तें वाचून तर संकोच बाजूस ठेवणेंच योग्य वाटलें. त्यांच्या दिरांस ही व्याधि जडून कांहीं वर्षें झालीं. ते नेमानें गोळ्या घेतात, प्रकृति धडधाकट आहे, आणि गेल्या दोन्ही तपासण्यांत 'विषाणु आढळत नाहीं' असा निर्वाळा मिळाला. आतां घरांतील वडील मंडळी म्हणतात कीं, रोग गेला, गोळ्या बंद करा; आणि तीच मंडळी त्यांचें ताट व पेला मात्र अद्याप निराळा ठेवितात. ह्यांत खरें काय, असें त्या बाई विचारतात. जेथें भय नको तेथें भय, आणि जेथें सावधपणा हवा तेथें निश्चिंति, अशा दोन विपरीत गोष्टी एकाच घरांत कशा नांदतात, ह्याचें हें उदाहरण होय. दोहोंचें उत्तर एकच आहे. पण तें समजण्यास हा विषाणु शरीरांत काय करितो, हें पायरीपायरीनें पाहिलें पाहिजे.

ह्या रोगाची पहिली वार्ता १९८१ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतून आली. विषाणूचा शोध १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये ह्यांनीं लाविला. त्याबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत तो प्रथम १९८६ सालीं मद्रासेंत, म्हणजे आतांच्या चेन्नईंत, आढळला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीति सॉलोमन ह्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतल्या, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्या मद्रास वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजंतुशास्त्र शिकवीत. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला ह्यांनीं रक्ताचे नमुने गोळा केले आणि ते वेल्लोर येथें तपासले गेले. असली व्याधि आपल्या समाजांत येणेंच शक्य नाहीं, अशी त्या वेळीं पुष्कळांची समजूत होती. ती त्या थोड्याशा नमुन्यांनीं खोटी पाडिली. पुढें १९९३ सालीं सुनीतिबाईंनीं वडिलांच्या नांवानें गायतोंडे केंद्र काढिलें आणि जेथें इतर लोक रोग्यास शिवण्यास कचरत, तेथें उपचाराचें काम चालविलें. २०१५ सालीं त्या निवर्तल्या. २०१७ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली. महाराष्ट्रांत १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. ती आज बदललेल्या नांवानें तेंच काम करीत आहे.

आतां शत्रूची रीति पाहूं. आपल्या रक्तांत पांढऱ्या पेशींचें जें संरक्षक दळ असतें, त्यांत साहाय्यक टी-पेशींचा एक वर्ग आहे. ह्या पेशी स्वतः फारशा लढत नाहींत. परंतु कोणता जंतु आंत शिरला, त्याच्यावर कोणीं धांवून जावें, प्रतिपिंडें कोणीं तयार करावीं, ह्याचे इशारे त्यांच्याकडून सुटतात. एकत्र कुटुंबांत कर्ता पुरुष जसा स्वतः प्रत्येक काम न करितां सर्व घर हालवितो, तसाच हा प्रकार. ह्या पेशींच्या पृष्ठावर सी.डी.४ नांवाचें एक प्रथिन असतें. निरोगी मनुष्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत अशा पेशी साधारणतः ५०० पासून १५०० पर्यंत असतात. त्या २०० च्या खालीं गेल्या कीं, एड्सची अवस्था आली असें समजतात. विषाणु नेमका ह्या कर्त्यावरच घाला घालतो, आणि घर हळूहळू निर्नायकी होतें. मग क्षयासारखे रोग, एरवीं निरुपद्रवी असणारे जंतु, ज्यास वाट मिळेल तो आंत येतो.

हा विषाणु इतका सूक्ष्म आहे कीं, असे सुमारें ८००० विषाणु एका रांगेंत बसविले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याच्या पोटांत आर्.एन्.ए. ह्या द्रव्यावर लिहिलेल्या एकाच संहितेच्या दोन प्रती असतात. प्रत्येकींत सुमारें ९७०० अक्षरें आणि अवघीं ९ जनुकें. उलटपक्षीं मनुष्याच्या पेशींतील डी.एन्.ए.ची पोथी ३०० कोटींहून अधिक अक्षरांची. एवढ्याशा चिठोऱ्यानें एवढ्या मोठ्या ग्रंथास वेठीस धरावें, हें नवल खरें. पण तें घडतें कसें, तें पाहा.

पहिली पायरी दार उघडण्याची. विषाणूच्या वेष्टनावर खुंट्यांसारखीं प्रथिनें असतात, तीं सी.डी.४ ला चिकटतात. परंतु तेवढ्यानें कडी निघत नाहीं. शेजारीं असलेलें सी.सी.आर्.५ नांवाचें, किंवा कांहीं प्रसंगीं सी.एक्स्.सी.आर्.४ नांवाचें, दुसरें प्रथिनहि हातीं लागावें लागतें. तसें झालें म्हणजे विषाणूचें व पेशीचें वेष्टन एकजीव होतें आणि विषाणूचा शंकूच्या आकाराचा गाभा आंत उतरतो.

दुसरी पायरी उलट लेखनाची. सजीव सृष्टींतील नित्याचा व्यवहार असा कीं, मूळ पोथी डी.एन्.ए.ची, तिजवरून कामापुरता उतारा आर्.एन्.ए.चा काढावयाचा, आणि त्या उताऱ्यावरून प्रथिनें घडवावयाचीं. हा विषाणु उताऱ्यावरून पोथीचें पान तयार करितो. त्यासाठीं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नांवाचें विकर तो बरोबरच आणितो. अशा तऱ्हेचें विकर असतें, हें १९७० सालीं हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनीं इतर विषाणूंच्या अभ्यासांतून दाखविलें, आणि १९७५ सालीं ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. हा लेखनिक मोठा प्रमादी आहे. तो लिहितांना चुका करितो आणि लिहिलेलें पुन्हां ताडून पाहत नाहीं. शाळेंत असा विद्यार्थी नापास व्हावयाचा. येथें मात्र ह्या चुकाच विषाणूच्या पथ्यावर पडतात. प्रत्येक नवी प्रत थोडी निराळी निघते आणि त्यांतली एखादी एखाद्या औषधास न जुमानणारी असते. म्हणूनच ह्या रोगावर सामान्यतः तीन औषधें एकदम देतात; एकास चुकविणारी प्रत उरलेल्या दोहोंच्या तावडींत सांपडते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. नवें लिहिलेलें पान पेशीच्या केंद्रांत जातें आणि इंटिग्रेज नांवाचें विकर तेथील मूळ पोथी मध्येंच उकलून तें पान कायमचें आंत शिवून टाकितें. संस्कृत ग्रंथांचा ज्यांस परिचय आहे, त्यांस प्रक्षिप्त श्लोक म्हणजे काय हें सांगावयास नकोच. कोणी लेखनिक आपले श्लोक मूळ ग्रंथांत घुसडतो. पुढील लेखनिक तें सर्व मूळचेंच समजून भक्तिभावानें उतरवीत जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली ती १९६६ सालीं पुरी केली. निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखितें ताडून पाहिलीं, तेव्हां असले प्रक्षेप वेगळे काढतां आले. पेशीजवळ असा संपादक नाहीं. एकदां प्रक्षेप झाला कीं, ती पेशी जिवंत असेपर्यंत तो तिचाच झाला.

ह्यानंतर पेशी स्वतःच शत्रूची चाकरी करूं लागते. ती त्या पानाचे उतारे काढिते. पहिल्या कांहीं उताऱ्यांतून टॅट नांवाचें प्रथिन तयार होतें आणि तें उताऱ्यांचा वेग अनेक पटींनीं वाढवितें. सुटे भाग पेशीच्या भिंतीखालीं गोळा होतात, कळीसारखे फुगून बाहेर पडतात, आणि प्रोटिएज नांवाचें विकर त्यांतील लांब सांखळ्यांचे योग्य तुकडे करितें, तेव्हां विषाणु पुढील पेशीवर जाण्यास सिद्ध होतो. औषध न घेणाऱ्या रोग्याच्या शरीरांत दररोज सुमारें १००० कोटि विषाणु असे जन्मास येतात. आणि ज्या पेशींतून ते निघतात, ती बहुधा दोन दिवसांच्या आंतबाहेर मरते. इतकी हातघाईची लढाई आंत चालू असतां बाहेरून मनुष्य वर्षानुवर्षें निरोगी दिसतो. औषधावांचून एड्सची अवस्था येण्यास सामान्यतः ८ ते १० वर्षें लागतात.

येथवरची कथा वाढीची झाली. आतां शेषाची.

लढाई आटोपली म्हणजे कामाला लागलेल्या टी-पेशींपैकीं बहुतेक मरून जातात. थोड्या मात्र विश्रांति घेतात. लहानपणीं येऊन गेलेल्या गोवराची ओळख शरीर जन्मभर विसरत नाहीं, तें अशा दीर्घायु स्मरणपेशींच्या बळावर. ही निसर्गाची मोठी देणगी. पण ह्या विषाणूनें तिचाच आश्रय केला. ज्या पेशींत प्रक्षेप झाला आहे अशा कांहीं पेशी मरण्यापूर्वींच विश्रांतीस जातात आणि आंतील पान तसेंच मिटलेलें राहतें. विश्रांत पेशींत पोथी घट्ट गुंडाळलेली असते; तें पान वाचावें असा हुकूम घेऊन जाणारा एन्.एफ्.-कप्पा-बी नांवाचा दूत केंद्राच्या बाहेरच थोपलेला असतो. टॅट तयार होत नाहीं. आपल्या देशांत बहुतांशीं आढळणाऱ्या 'सी' वर्गाच्या विषाणूंत ह्या दूतास बसण्याच्या जागा सामान्यतः ३ असतात, तर युरोप-अमेरिकेंतील 'बी' वर्गांत २. म्हणून तिकडील निष्कर्ष जसेच्या तसे आपल्यास लागू धरतां येत नाहींत आणि येथील संशोधन येथेंच व्हावें लागतें.

आमच्या सावर्ड्याच्या आसपासच्या सड्यांवर वैशाखांत जो फिरला असेल, त्यास काळ्या कातळावांचून कांहीं दिसलें नसेल. येथें कांहीं उगवतच नाहीं, असें परका मनुष्य शपथेवर सांगेल. मृगाच्या चार सरी पडल्या कीं, पंधरा दिवसांत तोच सडा हिरवागार होतो. खळग्यांतील चिमूटभर मातींत बी होतेंच; तें पाण्याची वाट पाहत होतें. विश्रांत पेशींतील विषाणु असाच असतो. तो कांहीं करीत नाहीं, म्हणून तो कोणास दिसत नाहीं. त्याचें एकहि प्रथिन पेशीच्या पृष्ठावर येत नसल्यामुळें शरीराच्या पहारेकऱ्यांस ती पेशी आपलीच वाटते. आणि औषधांचेंहि तेंच. कोणतें औषध उलट लेखन थांबवितें, कोणतें शिवण, कोणतें तुकडे करणें. प्रत्येक औषध एखादें कर्म थांबवितें. जेथें कर्मच चालू नाहीं, तेथें औषधानें थांबवावें काय?

हा शेष १९९७ सालीं अमेरिकेंतील तीन निरनिराळ्या संशोधकगटांनीं दाखवून दिला. त्यापूर्वींच्या वर्षीं संयुक्त औषधोपचारास मोठें यश येऊन, दोनतीन वर्षांत रोग समूळ जाईल अशी आशा उत्पन्न झाली होती. तपासांत दिसलें तें असें कीं, उत्तम उपचार चालू असलेल्या मनुष्यांतहि विश्रांत टी-पेशींपैकीं सुमारें दर १० लाखांत एक पेशी जागी केल्यास जिवंत विषाणु बाहेर टाकिते. ह्या पेशींचा सांठा निम्मा होण्यास सुमारें ४४ महिने लागतात, असें पुढें मोजण्यांत आलें. वाचकांनीं स्वतःच गणित करून पाहावें. शरीरांत अशा पेशी १० लाख धरल्या, तर निम्म्या-निम्म्या होत एकीवर येण्यास २० वेळां निम्मे करावें लागतें. ४४ गुणिले २० म्हणजे ८८० महिने, म्हणजेच ७३ वर्षें. एवढेंहि करून भागत नाहीं. स्मरणपेशी अधूनमधून विभागतात, आणि विभागतांना पोथीबरोबर प्रक्षेपहि उतरला जातो. विषाणूनें बोटहि न हालवितां त्याचा सांठा असा टिकून राहतो. लेखनिकाच्या प्रमादामुळें बहुतेक प्रक्षेप मोडके व निरुपयोगी असतात, हें सुदैव. पण धडके असतात तेवढे पुरेसे होतात.

आतां 'आढळत नाहीं' ह्या निर्वाळ्याचा अर्थ लागेल. ती तपासणी रक्तद्रवांत मोकळे फिरणारे विषाणु मोजते. विश्रांत पेशींच्या पोटांतील मिटलेलें पान ती पाहत नाहीं. शिवाय अशा पेशींतील पुष्कळशा रक्तांत नसून रसग्रंथींत व आंतड्यांच्या आवरणांत असतात. सडा हिरवा नाहीं, एवढेंच ती सांगते. बी नाहीं असें ती कधींच म्हणत नाहीं. रोज कोठेंतरी एखादी पेशी आपल्या कारणानें जागी होते आणि विषाणु बाहेर टाकितेच. परंतु रक्तांत औषध असतें, म्हणून त्या विषाणूची संतति पुढील पेशींत घर करूं शकत नाहीं. गोळी बंद केली कीं, हा बांध फुटतो. बहुधा दोन ते चार आठवड्यांत विषाणु रक्तांत पुन्हां दिसूं लागतो. गोळ्या धरसोडीनें घेणें तर अधिक वाईट, कारण अर्धवट औषधांत न जुमानणाऱ्या प्रतींचेंच फावतें.

ह्या शेषाची चिकाटी केवढी, हें अमेरिकेंतील मिसिसिपी येथील एका बालिकेच्या हकीकतीवरून समजेल. ती २०१० सालीं जन्मली आणि जन्मानंतर सुमारें ३० तासांतच तिला औषधें सुरू केलीं. दीड वर्षाची झाल्यावर तिचा उपचार खंडित झाला. तरी पुढें पाहतात तों रक्तांत विषाणु नाहीं. रोग मुळापासून गेला, अशी वार्ता २०१३ सालीं जगभर झाली. औषधावांचून २७ महिने निर्वेध गेले. आणि २०१४ च्या जुलैंत विषाणु परत आला. जन्मापासून तिसाव्या तासाला उपचार करूनहि बी पडावयाचें तें पडून गेलें होतें.

मग हा शेष नाहींसा करितांच येत नाहीं काय? अगदीं थोड्यांच्या बाबतींत आला आहे. बर्लिन येथें टिमथी रे ब्राउन ह्या गृहस्थांस रक्ताचा कर्करोगहि होता. २००७ सालीं त्यांच्या शरीरांत दुसऱ्याच्या रक्तमूळपेशींचें रोपण करण्यांत आलें. ज्याच्या पेशी घेतल्या, त्याच्या ठायीं सी.सी.आर्.५ हें दुसऱ्या कडीचें प्रथिन जन्मतःच नव्हतें. ब्राउन विषाणुमुक्त झाले आणि २०२० सालीं वारले ते कर्करोगानें. असे आणखी कांहीं रोगी झाले आहेत. पण हें रोपण जिवावरचें असतें; ज्यास कर्करोगासाठीं तें करणें भागच आहे, त्याच्यावांचून इतरांवर तें करण्यास कोणी सुज्ञ वैद्य धजणार नाहीं. दुसरा विचार असा आहे कीं, निजलेल्या पेशी औषधानें मुद्दाम जाग्या कराव्या आणि उघड्या पडल्यावर माराव्या. पहिल्या पावसानें तण उगवूं द्यावें व मग नांगर फिरवावा, ही शेतकऱ्याची युक्तीच ही. प्रयोगांत पेशी कांहीं अंशीं जाग्या झाल्या, पण मनुष्याच्या शरीरांतील सांठा त्यामुळें लक्षांत येण्याजोगा घटला नाहीं. संशोधन चालू आहे. तूर्त एवढें ध्यानीं धरावें कीं, अमुक काढ्यानें किंवा भस्मानें आम्ही हा रोग समूळ घालवितों, असें जो कोणी सांगेल, त्यानें सड्यावरचें बी पाहिलेलेंच नाहीं.

उरला ताटाचा व पेल्याचा प्रश्न. हा विषाणु लागतो तो शरीरसंबंधांतून, दूषित रक्तांतून व सुयांतून, आणि मातेकडून मुलास. एका पंक्तीस बसल्यानें, एका ताटांत जेवल्यानें, कपडे एकत्र धुतल्यानें किंवा डांस चावल्यानें तो औषध चालू नसलेल्या रोग्यापासूनहि लागत नाहीं. ज्याच्या रक्तांत विषाणु औषधानें सतत दबलेला आहे, त्याच्यापासून पतिपत्नीसंबंधांतूनहि लागण होत नाहीं, असें मोठमोठ्या अभ्यासांनीं सिद्ध झालें आहे. गरोदर स्त्रीनें वेळीं उपचार घेतल्यास बहुतेक बालकें निरोगी जन्मतात. म्हणजे ज्या गोळीनें मनुष्य जगतो, तीच घरच्या इतरांचेंहि रक्षण करिते. आणि वडील मंडळी नेमकी तीच बंद करावयास सांगत आहेत.

सरकारनें १ एप्रिल २००४ पासून हीं औषधें विनामूल्य देण्यास आरंभ केला. २०१७ पासून पेशींची संख्या कितीहि असली तरी रोगनिदान होतांच तीं सुरू करण्याचें धोरण आहे. त्याच सालीं झालेला कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला आहे. त्याप्रमाणें संमतीवांचून ही तपासणी करतां येत नाहीं, रोग्याची गोष्ट परस्पर दुसऱ्यास सांगतां येत नाहीं, आणि नोकरींत वा शाळेंत त्यास वेगळें वागवितां येत नाहीं. परंतु घरांतील पंक्तीवर कायद्याचा अंमल चालत नाहीं. तेथें घरच्यांच्या समजुतीचाच चालतो. गोळी ठराविक वेळीं घेतली जाते ना, प्रवासास निघतांना ती बरोबर आहे ना, नेमलेल्या दिवशीं तपासणी झाली ना, हें घरांतील एखाद्यानें न बोलतां पाहावें. दुसरें कोणतेंहि औषध सुरू करण्यापूर्वीं तें डॉक्टरांस विचारावें, कारण क्षयावरील रिफॅम्पिसिनसारखीं कांहीं औषधें ह्या गोळ्यांचा प्रभाव कमी करितात.

म्हणून आमच्या भगिनीस व तिच्या घरच्या वडिलांस आमचें सांगणें एवढेंच कीं, गोळी सुरू राहूं द्यावी आणि वेगळें काढलेलें ताट आजच इतर ताटांत मिसळावें. शत्रूचा शेष निपटून काढणें अद्याप कोणाच्या हातीं नाहीं. त्याचा वंश वाढूं न देणें मात्र रोजच्या एका गोळीनें साधतें.